गोठ्याजवळच्या खोलीतून घरात

नागीण माझ्या डाव्या बरगडीवर निघाली तेव्हा सोयाबीन सोंगायला आलं होतं. घरात कोणालाच सवड नव्हती. सासूबाईंनी गेरू लावून दिला, शेजारच्या आजीने मंत्र टाकणाऱ्या माणसाचा पत्ता सांगितला, आणि मी पोटाभोवती जुन्या पातळाचा मऊ फडका गुंडाळून शिलाई मशीनवर बसले. मी घरी ब्लाऊज शिवते. अंगात आग पेटल्यासारखं होत होतं, पण नागीण काय, सगळ्यांनाच होते, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हटलं.

माझं नाव वंदना समजा. गाव मेडशीपासून थोडं आतल्या अंगाला आहे, एवढं पुरे. घरात माझे मिस्टर गजानन, सासूबाई, आणि आठवीतली पल्लवी. पल्लवी मिस्टरांच्या पहिल्या बायकोची. ती बाई गेली तेव्हा पोरगी चार-पाच वर्षांची होती. माझंही हे दुसरं लग्न. पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच गेला. काविळीनं गेला, असं मला सांगितलं होतं.

नागिणीमागून माझा जो आजार निघाला, तो ज्या घरांत नुकताच कळला आहे, त्या घरांसाठी मी हे लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील, आणि चांगलं सांगतील. पण दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर घरी काय होतं, त्याबद्दल मला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं.

माझा रिपोर्ट

नागीण बरी झाली, पण मी काही बरी झाले नाही. संध्याकाळी ताप यायचा. वजन इतकं उतरलं की माझेच ब्लाऊज मला दोन्ही बाजूंनी मारून घ्यावे लागले. तूर काढायच्या दिवसांत तर विहिरीवरून घरापर्यंत यायलाही दम लागायला लागला. मिस्टरांनी मला तालुक्याला, आमच्या वाशिमकडच्या मालेगावला, एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. छातीत पाणी झालं आहे, म्हणाले. मग रक्त घेतलं. कसलं, कशासाठी, कोणी सांगितलं नाही. "सगळ्या तपासण्या करून घेऊ," एवढंच.

दुपारनंतर रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मिस्टरांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते. मिस्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"काय म्हणे डॉक्टर?"

"वाशिमले जा लागते. सरकारी दवाखान्यात."

"काहून? इथं काय झालं?"

"तिथं सोय चांगली आहे," ते म्हणाले, आणि फोन घेऊन रस्त्यापलीकडे गेले. बराच वेळ बोलत होते.

एसटीत माझ्याशेजारची जागा रिकामी होती. ते मालेगावपासून वाशिमपर्यंत दांडा धरून उभे राहिले. मी दोनदा म्हटलं, बसा. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तेव्हाच माझ्या मनात आलं की मी मरणार आहे आणि हे यांना कळलं आहे.

वाशिमला भरती करून घेतल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समुपदेशक मॅडमच्या खोलीत पाठवलं. माझ्याच वयाची बाई होती. खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि एक पंखा. तिनं मिस्टरांना म्हटलं, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा."

"मले माहीत आहे, मॅडम. खाजगीत तपासणी झाली."

"तुम्हाला माहीत असेल. यांना माहीत आहे का?"

मिस्टरांनी खाली पाहिलं आणि ते बाहेर गेले.

मॅडमनी दार लावलं. मला पाणी दिलं. मग एचआयव्हीची तपासणी म्हणजे काय, माझ्यासारख्या छातीत पाणी झालेल्या पेशंटला ती का सुचवतात, हे सांगितलं. "ही तपासणी करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही नाही म्हणालात तरी छातीतलं पाणी काढतील, इलाज थांबणार नाही. आणि हो म्हणालात तर रिपोर्ट पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन."

मला तोपर्यंत सगळं उमगलं होतं. बसमधली रिकामी जागा, तो लांबलेला फोन. तरी कोणीतरी मला विचारत होतं, आणि हो म्हणायचं माझ्या हातात होतं. मी हो म्हटलं.

मॅडमनी रिपोर्ट सांगितला तेव्हा मी रडले नाही. मी विचारलं, "मॅडम, लग्नाच्या सीझनचे ब्लाऊज घेऊन ठेवले आहेत. गिऱ्हाइकांना परत करू का?"

"कशाला परत करता? बऱ्या व्हाल, शिवाल, द्याल."

मग त्या म्हणाल्या की मिस्टरांना सांगायचं का आणि केव्हा, हेही मीच ठरवायचं, माझ्या परवानगीशिवाय त्या सांगणार नाहीत. मला हसू आलं. रक्त माझं, आणि मी सोडून सगळ्यांना ठाऊक! त्यांना हसू आलं नाही. न विचारता तपासणी करणं आणि पेशंटला वगळून दुसऱ्याला सांगणं कायद्यात बसत नाही, त्याची तक्रार करता येते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी तक्रार केली नाही. त्या वेळी मला श्वास घेणंच पुरे होतं.

वॉर्ड

मिस्टरांची तपासणी झाली. त्यांना काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, असं होतं, पण काही महिन्यांनी पुन्हा तपासू. त्या संध्याकाळी ते माझ्या खाटेशी आले. चादरीची किनार चाचपत त्यांनी विचारलं,

"मंग तुले कुठून आला हा?"

मी पहिल्या नवऱ्याचं नाव घेतलं. काविळीचंही सांगितलं. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. मिस्टरांनी चादरीची किनार सोडली. जाताना म्हणाले, "मायले मी फोनवर सांगून देल्लं. माह्या तोंडून निंगून गेलं. माणूस घाबरते त्या टायमाले."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. पण माझ्या अंगात चिडण्याइतकं बळ नव्हतं.

माझ्या पाठीतून सुई घालून पाणी काढलं. फिकट चहासारखं होतं. त्याच संध्याकाळी मी आडवी पडून श्वास घेऊ शकले. पाणी क्षयरोगाचं निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली आणि मी घाबरून सिस्टरकडे धावले. ती हसली. "गोळ्यांचा रंग आहे तो. सांगायचंच राहिलं." वाचणाऱ्याला हे आधीच माहीत असावं म्हणून लिहिते.

काही दिवसांनी एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या. सरकारी, फुकट. डॉक्टर म्हणाले की पूर्वी रक्तातल्या पेशी अमुक इतक्या कमी होईपर्यंत थांबावं लागायचं, आता तसं नाही. कळलं की इलाज सुरू. आधी क्षयरोगाच्या गोळ्या अंगाला सोसू द्यायच्या म्हणून तेवढे दिवस थांबवलं होतं. पहिल्या आठवड्यात विचित्र स्वप्नं पडली, मळमळ झाली. मग तीही गेली.

माझ्या खाटेच्या डोक्याशी काही लिहिलेलं नव्हतं. सिस्टर सगळ्यांना हातमोजे घालूनच सुई द्यायची, मलाही तसंच. पलीकडच्या खाटेवर मंगरूळपीरकडची एक म्हातारी होती, शकुंतलाबाई. तिलाही छातीचंच दुखणं. तिनं विचारलं, "तुले काय झालं व माय?"

"छातीत पाणी."

"मलेही तेच सांगतलं यायनं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या डब्यातली ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी खोटं बोलले नव्हते. जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं होतं. पुढे गावात हेच मला फार उपयोगी पडलं.

गोठ्याजवळची खोली

सुट्टी होऊन घरी आले तर माझी गादी घरात नव्हती. गोठ्याला लागून एक खोली आहे. त्यात आम्ही कुटाराची, गुरांच्या भुश्याची पोती ठेवायचो. पोती काढून तिथे माझी खाट टाकली होती. माझं मशीनही तिथेच. नवी कोरी ताटली, नवा पेला. गोठ्यामागे तीन पत्रे उभे करून न्हाणी केली होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत पाऊल टाकत नव्हत्या.

"तुह्या भल्यासाठीच केलं. इथं हवा लागते. पोरगीही लहान आहे घरात."

"आत्याबाई, असं जवळ राह्यल्यानं नाई होत कोणाले. मॅडमनं सांगतलं."

"मॅडम आपल्या घरी राह्यते. इथं मले राहा लागते."

मिस्टर बैलाच्या गव्हाणीत कुटार टाकत राहिले.

त्या खोलीत मी राहिले, बरेच दिवस. सासूबाई वाईट बाई आहेत असं मला तेव्हाही वाटलं नाही. जेवण वेळेवर यायचं, भाजीत तेल चांगलं असायचं. पण ताटली उंबऱ्यावर ठेवून त्या अशा मागे सरायच्या की माझी भूक जायची. भाकरी थापायला चुलीजवळ जावं तर "राहू दे, राहू दे" म्हणत त्या आडव्या यायच्या. पल्लवी माझ्याकडे येईना. शाळेत जाताना गोठ्याकडे पाहतही नव्हती. हेच मला सर्वांत जास्त लागलं.

माझा भाऊ मंगरूळपीरहून आला. खोली पाहून त्याचे डोळे लाल झाले. "चाल माह्यासंग. आजच. असं जनावरासारखं कायले राह्यतं?"

मी निघालेच असते. पिशवीत कपडे भरलेही होते. पण दोन दिवसांनी माझी वाशिमची तारीख होती. म्हटलं, आधी गोळ्या आणते, मग पाहू.

मॅडम म्हणाल्या

गोळ्या घेतल्या आणि मॅडमच्या खोलीत बसले. त्यांनी नेहमीचं विचारलं, गोळी चुकते का, जेवण जातं का. मी हो-नाही करत होते. मग त्यांनी विचारलं, "झोपता कुठं?"

मी सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वंदनाताई, या आजारासाठी आपल्या देशात वेगळा कायदा आहे. नोकरीवरून काढायचं नाही, दवाखान्यानं इलाज नाकारायचा नाही, हे त्यात आहेच. पण त्यात बाईसाठी एक गोष्ट आहे, ती फार जणींना माहीत नसते. ज्या घरात तुम्ही राहता, तिथं राहायचा तुमचा हक्क आहे. या आजाराच्या कारणानं तुम्हाला तिथून काढता येत नाही. आणि घर म्हणजे एक खाट नाही. चूल, न्हाणी, पाणी, सगळं इतरांसारखंच वापरायचा हक्क."

"घर त सासूच्या नावावर आहे."

"असू द्या. राहायचा हक्क जात नाही."

माझ्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या. "म्हणजे म्हातारीले कोर्टात उभं करू काय मी?"

"तसं मी म्हणत नाही. वेळ आलीच तर वकील फुकट मिळतो, मी जोडून देईन. तुम्ही म्हणालात तर मी घरी येऊन सासूबाईंशी बोलेन, तुम्ही नाही म्हणालात तर येणार नाही. पण माहेरी जायचं असेल तर स्वतःच्या मनानं जा. काढलं म्हणून जाऊ नका."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. तोपर्यंत मला वाटत होतं की त्या घरात मी कोणाच्या तरी मेहेरबानीवर आहे. ते म्हणतील तोवर राहायचं, म्हणतील तिथे झोपायचं. आणि इथे कोणीतरी, दिल्लीत की कुठे, माझ्यासारख्या बाईच्या चुलीचा आणि न्हाणीचा विचार करून तो कायद्यात लिहून ठेवला होता. मेडशीला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं.

घरी आले, गादीची गुंडाळी केली, डोक्यावर घेतली आणि घरात गेले. सासूबाई तूरडाळ निवडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं.

"हे काय करून राह्यली तू?"

"गादी जाग्यावर ठेवून राह्यली, आत्याबाई."

"घर माहं आहे."

"तुमचंच आहे. मी राह्यतो त्याच्यात. कायदाही तसाच आहे म्हणते, पण मले कायदा नाई काढा लागत तुमच्यासमोर. मी काई गुन्हा नाई केला."

त्या उठल्या. आवाज चढला. "उद्या गावाले माहीत पडलं त पोरीचं लगन कसं होईन? सांग ना मले!"

खरी भीती ही होती. माझ्या आजाराची नव्हती, पल्लवीची होती. ती भीती मला समजली, कारण मलाही तीच होती.

"गावाले कोण सांगन, आत्याबाई? मी त सांगत नाई. तुमी सांगसान काय? मी गोठ्यात झोपतो हे मात्र सगळं गाव पाह्यते. लोक त्याच्यावरूनच इचारतीन."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मी गादी ठेवली, पुन्हा बाहेर आले. ताटली, पेला, कपडे, एकेक करून आणलं. राहिलं मशीन. ते लोखंडी, पायाचं. एकटीनं उचलायचं म्हणजे त्या दिवसांत माझ्याच्यानं झालंच नसतं. मी ते ओढत खोलीच्या दारापर्यंत आणलं आणि दम लागून उभी राहिले.

मिस्टर अंगणात होते. सगळं ऐकत होते. ते आले, मशीनची पलीकडची बाजू धरली आणि म्हणाले, "पाय सांभाळ. उंबरा आहे."

आम्ही दोघांनी ते घरात आणलं. सासूबाई बाजूला सरल्या.

पल्लवी

पल्लवी त्यानंतरही बोलेना. मी जवळ गेले की पुस्तक उघडायची. मला वाटलं, घाबरते. एक दिवस तिची वेणी घालायला गेले तर तिनं डोकं बाजूला घेतलं.

"भेव वाटते काय तुले माह्या हाताचं?"

"भेव कायचं? तुमचं बोलणं आयकलं मी. आमाले शाळेत सांगतलं आहे सगळं."

"मंग?"

ती भडकलीच. "मले काहून नाई सांगतलं कोणी? तू भरती होती, मी रोज इचारो. आजी म्हणे, ताप आहे. पहिल्या आईच्या टायमालेही असंच म्हणत होते सगळे, ताप आहे, ताप आहे. मंग एक दिवस डायरेक्ट..."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी तिला जवळ घेतलं नाही. ती घेऊ देणार नव्हती. मी फक्त बसले आणि तिला सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, छातीतलं पाणी, पहिला नवरा. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे माझं मी ठरवायचं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. कायद्यानं तिला सांगायचं काही बंधन नव्हतं. पण मी ठरवलं की हिला सांगायचं.

तिनं विचारलं, "मरशीन काय तू?"

"कधीतरी मरीन. यानं नाई, गोया घेतल्या त."

"मंग घेत जाय ना बरोबर," ती म्हणाली आणि डोकं माझ्याकडे केलं. मी वेणी घातली. फार घट्ट घातली, तिनं तक्रार केली नाही.

आता

क्षयरोगाचा इलाज पूर्ण झाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनंतर रक्तातला विषाणू मोजला, तेव्हा तो मोजता येण्याइतकाही उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले की असंच राहिलं तर माझ्यापासून मिस्टरांना होणार नाही. गोळी मात्र जन्मभर. मिस्टरांची पुन्हा तपासणी झाली, ते ठीक आहेत. आम्ही एका खोलीत झोपतो. एवढं लिहायला पुरे.

सासूबाई पूर्ण बदलल्या असं मी लिहिणार नाही. त्यांचा पाण्याचा तांब्या अजूनही वेगळा असतो. पण जेवणं झाली की त्या पडवीतून विचारतात, "गोयी घेतली काय व?" आणि मी हो म्हटल्यावरच आडव्या होतात.

पूर्वी मी दवाखान्यात तोंडाला स्कार्फ बांधून जायची. तिथे बरेच जण तसेच येतात. आता मी बांधत नाही; उन्हाळ्यात जीव गुदमरतो. मागच्या खेपेला मी बाकावर बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसली, नाकापर्यंत गुंडाळलेली. डोळे तेवढे दिसत होते. ते डोळे माझ्या ओळखीचे होते. तिनंही मला ओळखलं. ती ताडकन उठली आणि दाराकडे वळली.

"बस," मी म्हटलं. "नंबर जाईन तुहा."

ती थांबली. "तुमी इथं कशा?"

"मीही नंबरावरच आहे."

ती बसली. जमिनीकडे पाहत तिनं सांगितलं. तिला कालच कळलं होतं. घरी अजून कोणाला माहीत नव्हतं. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "मले काढून देतीन काय वो घरून?"

"म्हणतीन कदाचित. पण काढू नाई शकत." आणि मॅडमनी मला सांगितलं होतं तसंच सगळं मी तिला सांगितलं. चूल, न्हाणी, पाणी. घर कोणाच्याही नावावर असो. ती ऐकत होती. मधेच तिनं स्कार्फ थोडा सैल केला आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली.

तिचा नंबर पुकारला, ती आत गेली. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

ती कोण, कुठल्या गावची, माझी कोण लागते, हे मी इथे लिहिणार नाही. घरीही सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.